दाढेतली चांदी

आज आपण एका अशा दागिन्याबद्दल बोलणार आहोत, जो आपल्यातल्या कितीतरी जणींच्या अंगावर आहे, पण आरशात सहज दिसत नाही. चोरालाही नेता येत नाही. तो म्हणजे दाढेत भरलेली चांदी.

आपल्याकडे बाया सहज सांगतात, "माझी दाढ किडली होती, डॉक्टरांनी चांदी भरली." ऐकणारीला वाटतं, पैंजणाची असते तशीच चांदी असेल. पण त्या काळपट गोळ्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी चिमूटभर जस्त. पाऱ्यात ही पूड कालवली की लोण्यासारखा मऊ लगदा होतो. तो खड्ड्यात दाबला की काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भाकरी चावता येते. इंग्रजीतलं त्याचं नाव अमाल्गम. आपण चांदीच म्हणू, पण त्यात पारा आहे हे लक्षात ठेवू.

पारा आपल्याला नवा नाही. धान्याच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या ठेवणारी घरं आपल्या गावागावात आहेत. कुणाच्या देवघरात पारद शिवलिंग असतं. वैद्यांच्या रसशास्त्रात पारा हा सगळ्या धातूंचा राजा. थर्मामीटर फुटलं की जमिनीवर पळणारे ते चकचकीत थेंब गोळा करायला आपण लहानपणी धावलेलो आहोत, आणि घरातल्या मोठ्यांचा पारा चढलेला पाहिलेला आहे. इतका ओळखीचा असूनही तो तोंडात कसा गेला, कुणी घातला, त्यावरून किती भांडणं झाली आणि काही जणींच्या अंगाला तो का सोसत नाही, ही गोष्ट आम्हाला बचत गटाच्या आरोग्याच्या बैठका घ्यायला लागेपर्यंत ठाऊक नव्हती.

सगळ्यात जुनी नोंद चीनची. सातव्या शतकात, म्हणजे ६५९ साली, तिथल्या राजदरबाराने औषधांचा एक मोठा ग्रंथ करून घेतला. त्यात कथील, चांदी आणि पारा यांच्या लगद्याचा उल्लेख आहे. युरोपात हे रूढ व्हायला आणखी हजाराहून जास्त वर्षं लागली. १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये तावो नावाच्या दंतवैद्याने चांदीची नाणी किसून तो कीस पाऱ्यात कालवला आणि दाढा भरायला सुरुवात केली. तोपर्यंत श्रीमंतांच्या दातात सोन्याचा पत्रा ठोकून बसवत. ते काम तासन्‌तास चाले, दुखे आणि पैसाही फार लागे. गरिबाची दाढ दुखली तर एकच इलाज, ती उपटायची.

मग १८३३ साली क्रॉकूर आडनावाचे दोघे जण न्यूयॉर्कला जाऊन पोचले. त्यांनी आपल्या पाऱ्याच्या लगद्याला 'रॉयल मिनरल सक्सीडेनियम' असं भारी नाव दिलं. मोठमोठ्या जाहिराती केल्या आणि सोन्याच्या तुलनेत अगदी कमी पैशांत दाढा भरून द्यायला लागले. काम मात्र कच्चं होतं. कीड नीट न काढताच लगदा भरत. कुणाचा दात पुढे काळा पडला, कुणाचा तडकला. तिथले सोन्याने दात भरणारे दंतवैद्य चिडले. त्यांचं म्हणणं, पारा विष आहे आणि हे दोघे भामटे आहेत. दोन्ही गोष्टींत काही तथ्य होतं. पण आमच्या मते तिसरीही एक गोष्ट होती, जी ते उघड बोलत नव्हते. स्वस्त इलाज आला की महाग इलाजवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं.

१८४० साली अमेरिकेत दंतवैद्यांची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. काही वर्षांतच तिने सभासदांकडून लिहून घ्यायला सुरुवात केली, की आम्ही पारा वापरणार नाही. सही न करणाऱ्यांना बाहेरचा रस्ता. या भांडणाला तिकडच्या इतिहासात चक्क 'अमाल्गम युद्ध' म्हणतात. पण दाढदुखीने कळवळणाऱ्या गोरगरिबांना सोनं परवडत नव्हतं. सभासद एकेक करून गळाले, आणि १८५६ मध्ये ती संघटनाच मोडली. पुढे १८९५ च्या सुमारास शिकागोच्या ब्लॅक नावाच्या डॉक्टरांनी चांदी, कथील, तांबं आणि जस्ताचं प्रमाण मोजून ठरवलं. पुडीत चांदी साधारण दोन तृतीयांश आणि कथील पाव हिस्सा. त्यानंतर हा गोळा फुगेना, आकसेना आणि दातही फोडेना. पुढची शंभर वर्षं जगभर हीच दाढेतली चांदी चालली.

आपल्याकडे ती आली कधी? दाताचं शिक्षण देणारं देशातलं पहिलं महाविद्यालय कलकत्त्याला १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ चा. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं खेड्यात दाढ काढायला वैदू येत. मोठ्या शहरांत चिनी कुटुंबांची दातांची दुकानं होती. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, आणि त्याच सुमारास औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सरकारी दंत महाविद्यालय सुरू झालं. त्यामुळे अंबड, मंठा, भोकरदनच्या आज्यांच्या तोंडात चांदी क्वचितच सापडेल. त्यांच्या दाढा तरी गेल्या, नाहीतर मिश्रीने काळ्या होऊन टिकल्या. चांदी सापडते ती आपल्या पिढीच्या आणि आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या बायांच्या तोंडात. एसटीने पाऊण-एक दिवस घालवून घाटीच्या आवारात जाऊन आलेल्या बायांच्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती दातापासून नाही, कातडीपासून सुरू होते.

१८९५ साल. जर्मनीतलं ब्रेस्लाऊ शहर, जे आता पोलंडमध्ये आहे. तिथे जोसेफ याडासोन नावाचे कातडीचे डॉक्टर होते. त्या काळी गरमीच्या रोगावर, म्हणजे सिफिलिसवर, पाऱ्याचं मलम हाच मुख्य इलाज होता. बहुतेक रोग्यांना ते मलम सोसायचं. पण एखाद्याच्या अंगावर मात्र इसब उठायचं, पाणी सुटायचं, आग व्हायची. याडासोन यांनी अशा रोग्याच्या अंगावर पाऱ्याच्या मलमाची छोटी पट्टी चिकटवली आणि वाट पाहिली. पट्टीखाली तेवढ्याच जागी इसब उठलं. दुसऱ्या कुणाला तीच पट्टी लावली तर काहीच नाही. ही गोष्ट त्यांनी त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात भरलेल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत सांगितली. आज जगभर कातडीचे डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावून जी तपासणी करतात, पॅच टेस्ट, तिचा जन्म तिथे झाला. आणि मैत्रिणींनो, तिच्यात तपासलेला पहिला पदार्थ होता पारा. तेव्हा जगभरच्या दाढांत जो भरला जात होता, तोच.

'ॲलर्जी' हा शब्दसुद्धा तोपर्यंत जन्मला नव्हता. तो १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या मुलांच्या डॉक्टरांनी ग्रीक शब्दांतून बनवला. अर्थ असा, की अंगाची एखाद्या गोष्टीशी वागण्याची रीतच बदलून गेली.

हे नेमकं होतं कसं, ते समजून घेऊ, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. विष आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विष प्रमाणावर चालतं. थोडं घेतलं तर थोडा त्रास, जास्त घेतलं तर जास्त, आणि पुरेसं घेतलं तर कुणालाही. कीटकनाशकाचा फवारा जवळून लागला तर कुणीही आजारी पडेल. ॲलर्जीचं तसं नाही. शंभर जणींना जे सोसतं, ते एकशे एकावीला सोसत नाही. आणि तिला ते अगदी कणभरही पुरतं.

आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. कातडीत आणि तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरात त्या सदैव फिरत्या असतात. धातू घन असताना त्यांना दिसत नाही. पण घामाने किंवा लाळेने त्याचा अगदी सूक्ष्म अंश विरघळतो, आणि तो अंश आपल्याच अंगातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. आता ते प्रथिन आपलं असूनही परकं दिसायला लागतं. जणू आपल्याच गल्लीतला पोरगा तोंडाला रुमाल बांधून रात्री घरी आला आणि राखणदाराने आरडाओरडा केला. पहिल्या वेळी राखणदार नुसता चेहरा लक्षात ठेवतो, बाहेर काहीच कळत नाही. कधी महिने जातात, कधी वर्षं. पण एकदा नोंद झाली की ती बहुधा जन्मभराची. मग पुढच्या वेळी तो धातू लागला की एक-दोन दिवसांत खाज, लाली, पुरळ. म्हणून बाया म्हणतात, "इतकी वर्षं हेच कानातलं घालतेय, आत्ताच काय झालं?" झालं ते आधीच होतं. आता ते बाहेर दिसलं.

हे काम पेशी करतात, रक्तातलं पाणी नाही, हे १९४२ साली लँडस्टायनर आणि चेस या दोघांनी गिनीपिगांवर दाखवून दिलं. ॲलर्जी झालेल्या गिनीपिगच्या पेशी काढून निरोगी गिनीपिगला दिल्या, आणि त्यालाही ॲलर्जी झाली. लँडस्टायनर म्हणजे तेच, ज्यांनी रक्ताचे गट शोधले. आपण रक्तदान शिबिरात ए, बी, ओ म्हणतो ना, ते त्यांचंच देणं.

आता पुन्हा तोंडात येऊ. १९२० च्या दशकात जर्मनीत पाऱ्याचा वाद परत पेटला. आल्फ्रेड श्टॉक नावाचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत पाऱ्याच्या वाफेत काम करून स्वतःच आजारी पडले होते. डोकं दुखे, विसरायला होई. त्यांनी १९२६ मध्ये लेख लिहून सगळ्यांना सावध केलं, आणि दाढेतल्या चांदीकडेही बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं विषाबद्दलचं होतं. पण त्याच काळात, १९२८ च्या आसपास, दाढेतल्या चांदीची खरी ॲलर्जी झालेल्या रोग्यांच्या नोंदीही यायला लागल्या. एकाच नाण्याच्या या दोन बाजू. पण लोकांनी त्या एकत्र कालवल्या, आणि आजही कालवतात.

चांदीची ॲलर्जी तोंडात कशी दिसते? गालाच्या आतल्या बाजूला किंवा जिभेच्या कडेला, नेमकं जिथे ती दाढ घासते तिथेच, पांढरट जाळीदार चट्टा उठतो. कधी लाल होतो, सोलपटतो, तिखट लागलं की झोंबतो. डॉक्टर त्याला लायकेनसारखा चट्टा म्हणतात. काही बायांच्या पाठीवर पट्ट्या लावून पाऱ्याची ॲलर्जी पक्की झाली, आणि ती दाढ दुसऱ्या पदार्थाने भरली, की काही महिन्यांत तो चट्टा ओसरतो. हे अनेक देशांच्या डॉक्टरांनी पाहून नोंदवून ठेवलेलं आहे. असं होणाऱ्यांची संख्या मात्र कमी आहे. चांदी असलेल्या बहुतेक बायांना जन्मभर काहीही होत नाही.

इथे थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या बायांसाठीच आहे. आपल्याकडे मिश्री लावायची सवय आहे. तंबाखू तव्यावर भाजायची, कुस्करायची आणि बोटाने हिरड्यांना घासायची. कुणी दिवसातून एकदा, कुणी चार वेळा. मिश्रीमुळेही गालात पांढरा चट्टा येतो. तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. एका गावच्या बैठकीत गालाच्या आत चट्टा असलेल्या एक मावशी भेटल्या. त्या छातीठोकपणे म्हणाल्या, "ही दाढेतल्या चांदीची गरमी आहे, मिश्रीचं काही नाही." आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "चट्टा कुठल्या बाजूला?" उजव्या. "चांदी कुठल्या दाढेत?" डाव्या. सगळ्या बाया हसल्या, मावशीही हसल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या सुनेला घेऊन तपासायला गेल्या.

म्हणून चांदीजवळ चट्टा आहे की मिश्रीच्या जागी, एवढ्यावर कुणीही घरबसल्या निदान करू नये. चांदीच्या शेजारचा चट्टाही तपासून घ्यायचाच. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा छाला, गाठ, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दोन-तीन आठवडे टिकलं तर डॉक्टरांना तोंड उघडून दाखवायचं. गरज पडली तर ते तुकडा काढून तपासतात. त्याला घाबरायचं नाही.

बायांच्या अंगावर सगळ्यात जास्त उठणारा धातू मात्र निकेल. त्याची कथा कारखान्यातून सुरू होते. १८८९ मध्ये बर्लिनचे डॉक्टर ब्लाश्को यांनी निकेलचा मुलामा देणाऱ्या कामगारांच्या हातांवरच्या इसबाची नोंद केली. तोपर्यंत हा पुरुषांचा, कारखान्यातला आजार. विसाव्या शतकात तो घरात शिरला. युरोपातल्या बायका मोजे वर धरायला पट्ट्यांना चिमटे लावत, आणि त्या चिमट्यांच्या बरोब्बर जागी मांडीवर पुरळ उठे. नंतर जीन्सच्या बटणाखाली, बेंबीशी. नंतर घड्याळाच्या पट्ट्याखाली. आणि कान टोचायची फॅशन वाढली तसतशी कानाच्या पाळीवर. डेन्मार्कने १९९० च्या सुमारास कायदा केला, की अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून ठराविक प्रमाणापेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. सगळ्या युरोपसाठी तसा नियम १९९४ मध्ये झाला. त्यानंतर तिथल्या तरुण मुलींमधली निकेलची ॲलर्जी खरोखर कमी झाली. कायद्याने खाज कमी होते, हे आम्हाला तरी फार मौजेचं वाटलं.

आपल्याकडे म्हण आहे, सोनारानेच कान टोचावेत. तिचा अर्थ वेगळा घेतला जातो, पण शब्दशः घेतली तरी ती शहाणपणाची आहे. बारशाच्या सुमारास सोनार सोन्याच्या बारीक तारेने बाळाचे कान टोचायचा, आणि ती तार जखम भरेपर्यंत तिथेच राहायची. सोन्यात निकेल नसलं, की ओल्या जखमेतून राखणदार पेशींची निकेलशी ओळखच होत नाही. आता जत्रेत, बाजारात बंदुकीसारख्या यंत्राने कान टोचतात, आणि एक ग्रॅम सोन्याच्या नावाखाली निकेलचा थर असलेली फुलं घालतात. राजूरच्या गणपतीच्या जत्रेतून आणलेले झुमके दोन दिवसांत कानात चिकटून बसल्याचं गाऱ्हाणं आमच्याकडे कितीदा आलंय. मुलामा उडाला की खालचं निकेल घामात सुटतं. मंगळसूत्राच्या खोट्या वाट्यांखाली काळी खाजरी खूण पडलेल्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. आणि सोनंही अगदीच निर्दोष नाही बरं का. अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००१ साली वर्षाचा ॲलर्जी देणारा पदार्थ म्हणून सोन्याचीच निवड केली होती. 'जालना सोने का पालना' म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं.

आता तुम्ही म्हणाल, कानातल्याचा दाताशी काय संबंध? संबंध आहे. मुळावरचा इलाज, म्हणजे रूट कॅनॉल केल्यावर दाढेवर कॅप बसवतात. त्यातली सगळ्यात स्वस्त धातूची कॅप पुष्कळदा निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रणाची असते. आपल्या भागात परवडते ती हीच. जिच्या कानाला खोट्या फुलांनी पुरळ येतं, तिला ती कॅप सोसेलच असं नाही. बहुतेकींना सोसते, कारण तोंडात लाळ सतत सगळं धुऊन नेते. कातडीपेक्षा तोंडाचं अस्तर सोशिक आहे. पण काहींच्या कॅपभोवतीची हिरडी लाल राहते, किंवा तोंडाच्या कोपऱ्यात, ओठावर इसब उठतं. कधी तर तोंडात काहीच नसतं आणि पुरळ हातावर येतं. म्हणून कॅप करायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, "मला खोट्या दागिन्यांची खाज येते." एवढं एक वाक्य. डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही, त्यांच्या दारात रांग असते.

धातूच्या या यादीत क्रोमियमही येतो, आणि तो गवंड्यांच्या बायकोला विचारा. सिमेंटच्या पाण्यात क्रोमियमचा अंश असतो. बांधकामावर घमेली उचलणाऱ्या बायांच्या आणि गवंड्यांच्या हातापायांना जी भेगाळलेली खाज सुटते, तिच्यामागे पुष्कळदा तोच असतो. आपलं जालना सळयांचं गाव, सळई आली की सिमेंट आलंच. चामड्याच्या चपलेतही तो असतो, कमावताना वापरलेला.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठी पाठीवरच्या पट्ट्यांचा एक ठरलेला संच केला आहे. त्यात निकेल, क्रोमियम आणि कोबाल्ट आहेत. आणि त्याच संचात एक गोष्ट अशी आहे, जी युरोपच्या नेहमीच्या संचात सापडत नाही. गाजरगवत. आपलं काँग्रेस गवत. ते १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आलं, आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. बघता बघता ते साऱ्या राज्यात पसरलं, आणि निंदणी करणाऱ्यांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खाचेत इसब उठायला लागलं. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्याबद्दल लिहिलं. धातूची आणि या गवताची राखणदार पेशींशी भांडायची रीत एकच आहे. फक्त गवताचं पुरळ उन्हाळ्या-पावसाळ्याबरोबर कमीजास्त होतं, आणि दाढेतली चांदी बाराही महिने जागची हलत नाही. आमच्या एका शेतकरी ताईंना दोन्हींचा संशय होता. हातावरचं पुरळ फक्त निंदणीच्या दिवसांत येतं, हे त्यांनी स्वतःच वहीत तारखा लिहून काढलं. डॉक्टरांचं निम्मं काम तिथेच झालं.

आता पाऱ्याचा पुढचा इतिहास. जपानच्या मिनामाटा गावात एका कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे ओळखला गेला. माणसं लुळी पडली, बाळं जन्मतःच अपंग झाली. त्या गावाचं नाव घेऊन २०१३ मध्ये पाऱ्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २०१४ मध्ये त्यावर सही केली, आणि २०१८ मध्ये तो पक्का स्वीकारला. दाढेतली चांदी त्या करारात आहे, पण तिचं कारण मुख्यतः ॲलर्जी नाही. दवाखान्याच्या मोरीतून, कचऱ्यातून आणि स्मशानाच्या धुरातून पारा माती-पाण्यात जातो, हे आहे. २०२२ मध्ये देशांनी ठरवलं, की पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांच्या दातांत, डॉक्टरांना अगदी आवश्यक वाटल्याशिवाय चांदी भरू नये. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून जवळजवळ सगळ्यांसाठीच ती बंद केली. नॉर्वे आणि स्वीडनने त्याच्या बरीच वर्षं आधी, आणि आपल्या शेजारच्या नेपाळने २०१९ मध्ये पाऊल उचललं होतं. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये ज्यांनी चांदी टाळावी अशांची यादी दिली. तिच्यात गरोदर बाया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे रोगी आहेत, आणि पारा किंवा त्या मिश्रणातल्या इतर धातूंची ॲलर्जी असलेलेही आहेत.

पण त्याच खात्याने आणखी एक सांगितलंय, आणि ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. चांगली बसलेली चांदी काही त्रास नसताना उगाच काढू नका. काढताना खरवडली जाते, तेव्हाच सगळ्यात जास्त पारा वाफ होऊन बाहेर पडतो. शिवाय दाताचा चांगला भागही जातो. सांधे दुखतात, थकवा येतो, केस गळतात, म्हणून सगळ्या दाढांतली चांदी काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर आधी रक्तातलं लोह तपासून घ्या. आपल्याकडच्या थकव्याचं कारण बहुधा तिथे सापडतं, दाढेत नाही. गटातून कर्ज काढून चारही दाढांची चांदी बदलायला निघालेल्या एका मैत्रिणीला आम्ही हेच सांगितलं होतं. तिला चट्टा नव्हता, खाज नव्हती, नुसती ऐकीव भीती होती.

मग चांदीऐवजी काय? पांढरं सिमेंट म्हणतात ते दोन तऱ्हेचं. एक प्रकाशाने कडक होणारं, दातासारखं दिसणारं, महाग. तेही सगळ्यांना सोसतं असं नाही. त्यातल्या रसायनाची ॲलर्जी दंतवैद्यांच्या स्वतःच्या बोटांना होते. दुसरं काचेच्या पुडीचं, ग्लास आयोनोमर. ते चांदीइतकं टिकाऊ नाही, पण दाताला आपोआप चिकटतं. १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या टांझानियात डॉक्टरांनी वीज नसलेल्या गावांसाठी त्याची एक पद्धत काढली. हातातल्या अवजाराने कीड खरवडायची, हे सिमेंट भरायचं, यंत्र नको, बहुतेक वेळा सुई नको. शाळेतल्या पोरांसाठी ही पद्धत फार सोयीची आहे. आणि घरच्या इलाजात लवंगेचं तेल आहेच. मात्र लवंगेच्या तेलाचीही ॲलर्जी असते, हे ऐकून आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "आता श्वास घेऊ की नको तेवढं सांग."

शेवटी पट्ट्यांच्या तपासणीबद्दल, कारण त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. ही तपासणी कातडीचे डॉक्टर करतात, तीही सगळीकडे होत नाही. जायच्या आधी चौकशी करायची, आणि दाढेतल्या चांदीची शंका असेल तर पाऱ्याची पट्टी त्यांच्याकडे आहे का ते विचारायचं, कारण नेहमीच्या संचात ती असेलच असं नाही. सुई टोचत नाहीत, रक्त काढत नाहीत. पाठीवर छोट्या वाट्यांसारख्या पट्ट्या चिकटवतात. दोन दिवस त्या तशाच ठेवायच्या, पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. मग काढून बघतात, आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात, कारण ही ॲलर्जी सावकाश उठते. म्हणजे निदान दोन-तीन खेपा होतात. एप्रिल-मेच्या उन्हात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हे जमत नाही. आमच्या दोघी-तिघी वेचणी आटोपल्यावर थंडीत जाऊन आल्या. जाताना घालायची असेल ती सैल सुती चोळी घ्या, सोबत एक बाई घ्या, आणि वहीत तीन गोष्टी लिहून न्या. पुरळ किंवा चट्टा कधी दिसला, कुठे दिसला, आणि त्याच्या आधीच्या काही महिन्यांत तोंडात किंवा अंगावर कुठला नवा धातू आला.